बाबांचा उजवा कान

आमच्या मराठी मंडळात हुतूतू परत सुरू करायचा की नाही यावर जी सभा झाली ना, तशी सभा मी जन्मात पाहिली नाही. म्हणजे मी एकोणीस वर्षांची, सभा तरी किती पाहिल्यात म्हणा, पण गणपतीच्या नाटकात राणीचं काम कुणाला द्यायचं यावरूनसुद्धा इतकं भांडण झालेलं मला आठवत नाही.

हे सगळं यंदाचंच, सत्तावन्नचं. उन्हाळ्यात कलकत्त्यात फ्लू शिरला. कुणी म्हणे बोटीनं आला, कुणी म्हणे सियालदह स्टेशनच्या गर्दीतून पसरला. कुठूनही येवो, जूनमध्ये आमच्या गल्लीत एक घर असं नव्हतं जिथे कुणी ना कुणी पांघरुणात नव्हतं. सिनेमा नाही, लग्नमुंजी नाहीत, ट्रॅममध्ये साधी शिंक आली तरी सगळा डबा वळून बघायचा. पोरांच्या गळ्यात कापराच्या पुरचुंड्या. मंडळाच्या हॉलला कुलूप. पुण्याहून येणारी मासिकं वाचनालयाच्या टेबलावर तशीच गुंडाळीत पडून. आणि आमचं मैदान, म्हणजे हॉलच्या मागची मोकळी जागा, तिथे गवत गुडघ्याला लागायला लागलं होतं.

ऑगस्टमध्ये साथ जरा ओसरली. संपली नव्हती हं. अजून रोज कुठे ना कुठे कुणी पडतच होतं, पण लोकांना कंटाळा आला होता. मोठ्या मैदानावर फुटबॉलसाठी माणसं पुन्हा झाडांवर चढून बसायला लागली. सिनेमाच्या बाहेर रांगा. आणि गणपती तोंडावर आलेले. गणपतीत आमच्या मुलींचा आणि पलीकडच्या गल्लीतल्या बंगाली क्लबच्या मुलींचा सामना असतो. तो होणार की नाही? एवढाच प्रश्न. त्यासाठी सभा.

मंडळाचे डॉक्टर उभे राहिले. ते इथलेच, त्यांचे आजोबा कलकत्त्याला आले होते, त्यामुळे त्यांच्या मराठीत बंगाल्यांसारखं पाणी 'खातात'. पण त्या दिवशी कुणी हसलं नाही.

"हुतूतू म्हणजे काय?" ते म्हणाले. "एक माणूस सात माणसांच्या तोंडावर ओरडत ओरडत श्वास सोडतो. मग ते सात जण त्याच्या अंगावर पडतात. फ्लूला याच्यापेक्षा सोयीचा खेळ असला तर मला दाखवा. कॅरम ठेवा."

"कॅरम बघायला पार बेहाल्याहून कोण येणार?" मागून एक काकू.

"कुणी येऊच नये, तेच तर सांगतोय!"

मग बाबा उठले. आणि हॉल गप्प झाला, कारण जूनमध्ये सगळ्यात वाईट आजारी पडले होते ते माझे बाबा. फ्लूवर न्यूमोनिया. तीन आठवडे अंथरुणात. इंजेक्शनं देऊन देऊन दंड काळेनिळे. उठले तेव्हा याच डॉक्टरांनी आमच्या घरी, माझ्यासमोर, आईला सांगितलं होतं, "छाती अजून कच्ची आहे. फ्लूनं पुन्हा धरलं, तर मग माझ्या हातात काही राहणार नाही, वहिनी." आईनं मान डोलावली होती आणि त्यानंतर बाबा खोकले की तिच्या हातातलं काम थांबायचं. जे काही असेल ते, पोळी लाटणं, वेणी घालणं, सगळं.

तर ते बाबा उठले आणि म्हणाले, "किती दिवस दारं लावून बसायचं? मी कचेरीत जातो, ट्रॅमनं जातो, बाजारात जातो. तिथे फ्लू नाही, फक्त मैदानात आहे? मी जवळजवळ गेलेला माणूस. मला भीती वाटत नाही, तर तुम्हाला कसली वाटते?"

"तुम्हाला नाही वाटत," आई बायकांच्या बाजूनं बसल्या बसल्याच म्हणाली, "मला वाटते."

मग मात्र हॉल हसला. पण आई हसली नाही. तिनं अट घातली. सामना करा, पण फाटकात मी थर्मामीटर घेऊन उभी राहणार. आमच्या मुली, त्यांच्या मुली, सगळ्यांचा ताप बघणार. पारा नव्याण्णवच्या वर गेला की ती मुलगी घरी. रडली तरी घरी. कुणाची का असेना.

डॉक्टर म्हणाले, "चालेल." आणि सभा संपली आणि मी घरी येताना फूटपाथवर उड्या मारल्या, खरंच मारल्या.

आता बाबांबद्दल एक सांगायला पाहिजे, नाही तर पुढचं काही कळणार नाही. पंच बाबाच. दोन्ही बाजूंना दुसरा कुणी चालत नाही, कारण बाबा पक्षपात करत नाहीत हे बंगाली क्लबलाही माहीत आहे. आमच्यात आणि त्यांच्यात ठरलेलं असं की आम्ही 'हुतूतू' म्हणायचं, त्यांनी त्यांचं 'हाडुडू'. पण काहीही म्हणा, एका दमात आणि ऐकू येईल असं. आणि बाबांना डाव्या कानानं ऐकू येत नाही. लहानपणापासूनच. म्हणून ते चढाई करणाऱ्या मुलीच्या बरोबरीनं रेघेच्या कडेनं चालतात, वाकतात, उजव्या कानामागे हात धरतात आणि कान तिच्या तोंडाजवळ नेतात. आवाज बारीक झाला की आणखी जवळ. बंगाली मुली त्यांची नक्कल करतात. बाबांना माहीत आहे. त्यांना गंमत वाटते.

आमचा संघ दरवर्षी बदल्यांनी मोडतो. यंदा एक नागपूरला गेली, एक मद्रासला, आणि एक फ्लूतून उठली खरी पण जिना चढतानासुद्धा तिला धाप लागते. उरलो बरोबर सात. आठवी नाहीच. आणि त्या सातांत चढाई करणारी खरी म्हणजे मी. हे मी बढाई म्हणून नाही सांगत, तसं होतं म्हणून सांगते.

शुक्रवारी कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावरची अँग्लो-इंडियन मुलगी दुपारी शाल पांघरून टाइप करत होती. ऑगस्टमध्ये शाल! मी तिला हसले. ती माझ्या यंत्रावर शिंकली, सॉरी म्हणाली, आणि तीन वाजता घरी गेली.

शनिवारी रात्री माझ्या घशात खवखव. रविवारी सकाळी डोळे हलवले की डोळ्यांच्या मागे दुखत होतं. पाठ कुणी तरी काठीनं बडवल्यासारखी. मी न्हाणीघरात जाऊन कपाळाला हात लावला. आपल्याच हातानं आपला ताप कळत नाही म्हणतात. मला कळला.

दुपारी चार वाजता सामना. मी डोकेदुखीची गोळी घेतली. आईनं पानात वाढलेला भात मी आमटीत कालवून कालवून असा पसरला की खाल्ल्यासारखा दिसावा. मनात हिशेब काय चालला होता सांगू? मी नाही म्हटलं तर सहा जणी. सहा जणींचा संघ होत नाही. म्हणजे सामना नाही. म्हणजे डॉक्टर म्हणणार, बघा. म्हणजे बाबांनी सभेत उभं राहून जे केलं ते सगळं पाण्यात. असा माझा हिशेब. त्यात बाबांच्या छातीचा विचार नव्हता का? होता. पण मी म्हटलं, फाटकात आई आहेच की. आई बघेल. पारा वर गेला तर जाईल घरी, माझ्या हातात काय आहे. म्हणजे मी सगळं थर्मामीटरवर सोपवून मोकळी झाले होते.

साडेतीनला फाटकापाशी आई खुर्ची टाकून बसलेली. शेजारी स्टुलावर स्पिरिटची वाटी, कापूस, आणि बाबांचं घड्याळ. समोर मुलींची ओळ. एकीच्या तोंडात थर्मामीटर असला की बाकीच्या आपोआप गप्प. बघायला आलेली माणसं लांब लांब उभी. जास्त नव्हती, पण होती. तीन महिन्यांनी मी एका ठिकाणी इतकी ओळखीची तोंडं बघत होते, आणि मला काही तरी होत होतं, ताप होता की आनंद होता ते कळत नव्हतं.

बंगाली मुलींच्या संघाची पुढारीण बराकपूरची. मामाकडे राहायला इथे, पण सुटीत आईवडलांकडे जाते. त्या दिवशी ती गाडीनं सियालदहला उतरून, तिथून ट्रॅम, आणि ट्रॅम लवकर मिळाली नाही म्हणून शेवटचं पळत आली होती. लाल झालेली. आईनं तिच्या तोंडात थर्मामीटर दिला, मिनिट मोजलं, उजेडाकडे धरून पाहिला.

"नाही," आई म्हणाली. "निन्यानबे के ऊपर।"

"माशीमा, मी उन्हातून पळत आले!" ती बंगालीत म्हणाली. माशीमा म्हणजे मावशी. त्या सगळ्या आईला तसंच म्हणतात. "ऊन आहे हे, ताप नाही!"

"बैठो। दस मिनिट बाद देखेंगे।"

दहा मिनिटांनी पुन्हा. पारा थोडा उतरला होता, पण नव्याण्णवच्या वरच. आईनं मान हलवली. त्या मुलीनं आईकडे पाहिलं, मग बाबांकडे. बाबा फक्कीनं रेघा आखत होते. ते सरळ झाले आणि म्हणाले, "मावशी म्हणतात ते खरं. ठरलंय तसं होऊ दे." ती रडली नाही. भिंतीला टेकून बाकावर बसली, कापडी पिशवी मांडीवर घेऊन, आणि त्यांच्याकडची आठवी, एक बारकीशी घाबरट मुलगी, तिच्या जागी आत गेली.

आणि मग माझा नंबर. मी तोंड उघडलं. देवाशप्पथ, मी तोंड उघडलं होतं.

आईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कापसानं थर्मामीटर पुसत म्हणाली, "तू हो आत. तुझं काय बघायचंय, माझ्या हातचं जेवून आलीयस." आणि तो माझ्या मागच्या मुलीच्या तोंडात गेला.

तिथे मी बोलायला पाहिजे होतं. एक वाक्य. 'आई, माझापण बघ.' इतकंच. माझ्या मागून एक जण म्हणालीसुद्धा, "अगं चल ना, उभी काय राहिलीस," आणि मी गेले. बाकाच्या समोरूनच जावं लागतं. बराकपूरची मुलगी माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. नुसती बघत होती, आणि मी बुटाची नाडी सुटल्यासारखं करून खाली वाकले.

पहिली चढाई मीच केली. दम घेतला, रेघ ओलांडली, हुतूतू हुतूतू हुतूतू. पाय चालत होते! गोळीनं असेल, अंग हलकं लागत होतं. त्या बारकीला हात लावला, वळले, आणि तेवढ्यात मला बाबा दिसले. म्हणजे बाबा नेहमीसारखेच होते, वाकून, हात कानामागे. पण इतक्या जवळून मी त्यांचा कान कधी पाहिला नव्हता. कानाच्या पाळीवर पांढरे केस आहेत थोडेसे. माझ्या श्वासानं ते केस हलत होते.

मी परत आले. आमच्या मुली ओरडत होत्या. मला पाठीवर थापटत होत्या आणि मी म्हणत होते, "हात लावू नका, घाम आलाय."

नंतरचा बराच वेळ मी मागे राहिले. दुसऱ्या दोघींना पाठवलं. त्या बाद झाल्या. "अगं, तू जा ना! नटतेस काय?" आमची कोपऱ्यावर खेळणारी खेकसली. दुसऱ्यांदा गेले तेव्हा मी मुद्दाम तोंड डावीकडे फिरवून म्हणत होते. हुतूतू हुतूतू. बाबांना वाटलं असणार की मी दम लपवतेय. ते वळसा घालून डावीकडे आले. मी उजवीकडे. ते उजवीकडे. बघणारे हसायला लागले, "अहो, बापलेक फुगडी घालतायत!" त्या चढाईत मला काहीच मिळालं नाही. नुसती गेले आणि आले. रेघेवर पाय ठेवला तेव्हा डोळ्यांपुढे काजवे.

शेवटची पाच मिनिटं. त्यांच्या तीन राहिलेल्या, आमच्या दोघी, गुण सारखे. मलाच जायचं होतं. दुसरी कोण जाणार? मी रेघेवर उभी राहिले. बाबा दोन हातांवर. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि ते खूश होते. खूप खूश. तीन महिन्यांत मी त्यांना असं बघितलं नव्हतं. आणि मागे फाटकाशी आई, हातात रिकामी वाटी, पदरानं तोंड पुसत, तीसुद्धा सामना बघत होती. तिला वाटत होतं की तिनं दार नीट लावलंय.

मी गेले. आणि मी एक ठरवलं, की आवाज अगदी बारीक काढायचा. ओठांतल्या ओठांत. म्हणजे श्वास बाहेर कमी जाईल. किती मूर्ख! मला माहीत नव्हतं का काय होतं ते? हुतूतू बारीक झालं आणि बाबा जवळ आले. आणखी बारीक केलं. ते आणखी जवळ. त्यांच्या कानाची पाळी आता माझ्या हनुवटीला लागेल इतकी जवळ, आणि ते स्वतःचा श्वास रोखून ऐकत होते, कारण त्यांना माझा दम चुकायला नको होता. त्यांना मला बाद द्यायचं नव्हतं. मोठ्यानं ओरडले तर सगळा श्वास त्यांच्या तोंडावर. बारीक बोलले तर ते माझ्या तोंडात शिरणार. समोर त्यांच्या तिघी साखळी धरून मागे सरकत होत्या आणि त्यातली मधली माझ्या हाताच्या टप्प्यात आली होती. एक पाऊल. मी ते पाऊल टाकलं असतं तर आम्ही जिंकलो असतो.

मी तोंड मिटलं.

"दम गेला!" बाबा ओरडले. "बाद!" त्यांना किती वाईट वाटलं ते आवाजातच कळलं.

"बाबा, लांब व्हा," मी म्हणाले. "मला ताप आहे."

त्यांना ऐकू आलं नाही. ते पुन्हा जवळ यायला लागले, कान पुढे करून, "काय?" म्हणत. मग मी किंचाळले. "मला ताप आहे! सकाळपासून आहे! जवळ येऊ नका!"

ते ज्याला कळायला नको होतं त्यालाही कळलं. बंगाली मुलींनासुद्धा कळलं. 'ताप' त्यांना कळत नसेल, पण तोंडं बघून कळलं. साखळी सुटली. आमची कोपऱ्यावरची दोन पावलं मागे गेली, पदर तोंडाला लावून, आणि मग तिला स्वतःचीच लाज वाटली असावी कारण ती पुन्हा तितकीच पुढे आली.

आई मैदानातून सरळ चालत आली. फक्कीच्या रेघा पुसत. तिनं थर्मामीटर झटकला, माझ्या तोंडात दिला आणि माझी हनुवटी वर धरून उभी राहिली. एकशेएकच्या वर. तिनं तो बाबांना दाखवला नाही. म्हणाली फक्त, "तुम्ही तिकडे जा. त्या झाडाखाली. लगेच."

"अगं, पण सामना..."

"जा म्हणतेय ना!"

बाबा गेले. मग बाकावरून बराकपूरची मुलगी उठली. ती आईसमोर आली आणि आ केला. नुसता आ. आईनं तिच्याकडे पाहिलं. स्पिरिटची वाटी रिकामी, तिनं पळत जाऊन बाटली आणली, थर्मामीटर बुडवला, पुसला, दिला. साडेअठ्ठ्याण्णव. त्या मुलीनं पिशवी खांद्याला लावली, आणि जाता जाता मला म्हणाली, "माशीमाला तुझापण बघायला सांगायचंस ना, भाई." त्या मैत्रिणीलाही भाईच म्हणतात. इतकंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

डॉक्टरांना बोलावलं ते घरी. त्यांनी मला तपासलं आणि बाबांना तपासलं नाही, कारण तपासण्यासारखं अजून काही नव्हतंच. "तीन-चार दिवस," ते आईला म्हणाले. "यांना लागला असेल तर तोवर कळेल. चौथ्या दिवशी काही नसलं तर सुटलात." ते 'मी सांगितलं होतं' असं म्हणाले नाहीत. म्हणायला पाहिजे होतं.

मला मागच्या खोलीत टाकलं. दार बंद. ताट दाराबाहेर. ताप, हातपाय मोडून येणं, घसा, सगळं आलं आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही, कारण मी चोवीस तास दाराच्या पलीकडे कान लावून होते. बाबा जिना चढले, किती पायऱ्यांवर थांबले? बाबा बोलले, घोगरं बोलले का? आई माझ्याशी अक्षर बोलत नव्हती. ताट ठेवायची, दारावर एकदा टिचकी मारायची आणि जायची.

सोमवार गेला.

मंगळवारी दुपारी बाबा खोकले. एकदा. मग लागोपाठ. मी अंथरुणातून उठून दाराशी गेले आणि तिकडे भांडं पडल्याचा आवाज आला, आईच्या हातातून. खोकला थांबेना. मी दार वाजवलं. "आई! आई!" कुणी ओ देईना. मग मला वास आला. खालच्या बिऱ्हाडात मोहरीच्या तेलात सुक्या मिरच्यांची फोडणी पडली होती आणि तो ठसका आमच्या सगळ्या जिन्यात भरला होता. मग आईही खोकली. मग मीसुद्धा. तिघं जण तीन ठिकाणी खोकत होतो आणि कुणालाच हसू येत नव्हतं.

बुधवारी माझा ताप उतरला. आणि बुधवारी बाबा कचेरीतून लवकर आले. मला त्यांची पावलं कळली. चारलाच. ते कधी सहाच्या आत येत नाहीत. मी दाराला टेकून जमिनीवर बसले. आई विचारत होती, "का हो? का लवकर आलात?" ते म्हणाले, "काही नाही, डोकं जरा जड आहे." मग थर्मामीटरची डबी उघडल्याचा आवाज. मग ते मिनिट. मला वाटतं त्या एका मिनिटात मी देवाला माझी नोकरी, खेळ, पुढची दहा वर्षं, सगळं देऊन टाकलं. काय काय कबूल केलं ते आता आठवतसुद्धा नाही. आई म्हणाली, "अठ्ठ्याण्णव." मग पुन्हा बघितलं असावं. "अठ्ठ्याण्णवच." पण बाबा न जेवता झोपले.

गुरुवारी सकाळी डॉक्टर आले. पुढून ऐकलं, मागून ऐकलं. श्वास घ्या, सोडा. पुन्हा घ्या. इतका वेळ लावला त्यांनी! मी दाराच्या फटीला डोळा लावला होता आणि मला फक्त बाबांची पाठ दिसत होती, उघडी, बरगड्या दिसणारी. शेवटी त्यांनी नळी गळ्यात टाकली. "छाती स्वच्छ आहे. सुटलात. आता पुन्हा असा पंचपणा करायचा नाही."

आई स्वयंपाकघरात गेली आणि भांडी घासायला बसली. मोलकरीण येऊन गेली होती. घासलेलीच भांडी ती परत घासत होती, जोरजोरात.

बाबांनी स्टूल ओढून माझ्या दाराबाहेर ठेवलं. दार उघडलं नाही. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

"सकाळपासून माहीत होतं तुला," ते म्हणाले.

"हो."

"म्हणजे पहिल्या चढाईच्या आधीपासून."

"हो, बाबा."

मी म्हटलं, "बाबा, मला माफ..."

"थांब," ते म्हणाले. "मला दुसऱ्या चढाईत कळलं."

मला आधी कळलंच नाही ते काय म्हणतायत. "काय कळलं?"

"तुझा श्वास. कानाला लागत होता. खेळताना सगळ्या मुलींचा श्वास गरमच असतो, पण असा नाही. जूनमध्ये माझाच मला असा लागायचा, उशीवर आपटून परत आलेला. मी ओळखला."

"मग थांबवलं का नाहीत?"

"मनात म्हटलं, ऊन आहे. ती पोरगी तेच सांगत होती. उन्हातून आले म्हणून. तिला आपण बाकावर बसवली."

मी दाराला हात लावून बसले होते. पलीकडे त्यांचाही हात असेल, माहीत नाही.

"थांबवला असता तर सगळे म्हणाले असते, बघा. मलाच तो सामना हवा होता," बाबा म्हणाले. "तुझ्याइतकाच. आणि तू जिंकत होतीस."

आतून भांड्यांचा आवाज चालूच. एकावर एक आदळत होती.

"आईला सांगायचं?" मी विचारलं.

"तिला वाटतंय, तिनं तुझ्या तोंडात थर्मामीटर दिला नाही म्हणून सगळं झालं. चार दिवस ती तेच मनाशी घोळवतेय. तुझ्याशी बोलत नाही ते रागानं नाही."

मग स्टूल सरकलं. "मी सांगतो," ते म्हणाले. त्यांच्या सपाता स्वयंपाकघराकडे गेल्या. भांड्यांचा आवाज थांबला. बाबांचा आवाज येत होता, खालचा, शब्द कळत नव्हते. मी कान दाराला लावला तरी कळत नव्हते. मग तेही थांबलं, आणि मग आईचा आवाज आला, स्वच्छ, सगळ्या घरात ऐकू जाईल असा.

"दोघांनाही माहीत होतं?"